शेवटानंतर उरणारे : कोल्हापूरच्या चित्रपटपरंपरेतील अंत आणि प्रेक्षकाचा प्रतिसाद

१

मराठीत चित्रपटाविषयी जे लेखन झाले आहे त्यात प्रेक्षकाच्या प्रतिसादाचा उल्लेख वारंवार येतो. त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. चित्रगृहात कोणी रडले, कोणी हात जोडले, कोणी किंचाळले, अशा हकिकती आठवणींच्या पुस्तकांतून आणि वर्धापनदिनांच्या विशेषांकांतून कौतुकाने सांगितल्या जातात. समीक्षा सुरू झाली की त्या बाजूला ठेवल्या जातात. रडणारा किंवा हात जोडणारा प्रेक्षक भोळा असतो आणि त्याची प्रतिक्रिया हा कलाकृतीबाहेरचा व्यवहार असतो, असे त्यामागे एक न बोललेले गृहीत आहे. चित्रपटाची रचना, चौकट, प्रकाशयोजना, संकलन हा समीक्षेचा विषय. प्रेक्षकाचा हुंदका हा फार तर समाजशास्त्राचा किंवा तिकीटबारीचा, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी टिकणारी नाही. मराठी काव्यशास्त्रीय चर्चेने आस्वादकाची अवस्था हा प्रश्न फार पूर्वी आपलासा केलेला होता. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःच्या भूमिकेचे भान सोडत नाही, आणि ह्या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० मध्ये, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला होता. सिद्धान्त आणि त्याची कसोटी पाहणारी कला अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी मराठी समाजात अवतरली. परंतु दोघांची गाठ समीक्षेने घालून दिली नाही.

ही गाठ घालून पाहण्यासाठी कोल्हापूरची चित्रपटपरंपरा विशेष सोयीची आहे. बाबुराव पेंटर (मूळ आडनाव मेस्त्री) यांच्या कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम घडले. १९२९ साली कोल्हापुरातच त्यांनी इतर भागीदारांसह ‘प्रभात’ची स्थापना केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास नेली. ‘सैरंध्री’ (१९२०), ‘सावकारी पाश’ (१९२५), ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘पिंजरा’ (१९७२) ह्या चार कृती एकाच कार्यशाळेच्या वंशावळीतील आहेत. त्यांचे गाजलेले प्रसंग आणि अंत क्रमाने पाहिले असता असे दिसते की प्रेक्षकाचा प्रतिसाद हा ह्या चित्रपटांचा परिणाम नसून त्यांच्या रचनेचा घटक आहे. शेवटच्या प्रसंगात कोणीतरी मागे उरते, आणि प्रेक्षकाने कोठे उभे राहून पाहावे हे त्या उरणाऱ्याच्या जागेवरून ठरते.

२

‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाही. भीमाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका खरा वाटला की काही प्रेक्षक भयाने किंचाळले, कोसळले, आणि पुढे तो प्रसंग वगळावा लागला, असे चित्रपटेतिहासात नोंदले गेले आहे. ही हकीकत साधारणपणे दोन हेतूंनी सांगितली जाते : पेंटरांच्या तांत्रिक कौशल्याचा गौरव करण्यासाठी, किंवा आरंभकाळच्या प्रेक्षकाचे अजाणतेपण दाखविण्यासाठी. ल्युमिएर बंधूंच्या आगगाडीला पाहून पळालेल्या प्रेक्षकांची कथा जगभर अशीच सांगितली जात आली. टॉम गनिंग यांनी १९८९ मध्ये ह्या कथेची झडती घेऊन असे दाखविले की त्या प्रेक्षकाचा धक्का हा अज्ञानाचा नव्हता. समोर चित्र आहे हे त्याला माहीत होते. ते चित्र असे हलू शकते ह्याचे ते विस्मययुक्त भय होते.

‘सैरंध्री’च्या बाबतीत ही झडती आणखी एक पाऊल पुढे नेता येते, कारण येथे प्रेक्षक कोऱ्या मनाने आलेला नव्हता. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले होते आणि कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झनला पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला जडली होती. सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ ह्या ग्रंथात त्या प्रयोगाचे जे वर्णन उद्धृत केले आहे ते रंगमंचाचे कमी आणि प्रेक्षागृहाचे अधिक आहे. कीचकाचे अत्याचार पाहताना पुरुषांच्या कपाळावर चढलेल्या आठ्या, द्रौपदीची विनवणी ऐकताना स्त्रियांच्या डोळ्यांत आलेली चमक, आणि जुलम्याच्या वधानंतर उमटलेला समाधानाचा हुंकार ह्यांची नोंद त्यात आहे.

ही नोंद शत्रूची आहे. म्हणूनच ती समीक्षेला मोलाची वाटावयास हवी. प्रेक्षकाची प्रतिक्रिया हा कलाकृतीच्या अर्थाचा भाग आहे, हे राज्यकर्त्यांना पक्के कळले होते. संहितेत कर्झनचे नावही नव्हते. बंदी घालण्याजोगा अर्थ प्रेक्षागृहात तयार होत होता, आणि बंदी पडली ती त्या अर्थावर. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली, तेव्हा वाचक कोणत्या पूर्वसंस्कारांसह कृतीकडे येतो ह्याला साहित्येतिहासात स्थान मिळाले. वसाहतीच्या परीक्षकाने ते स्थान व्यवहारात आधीच देऊन ठेवले होते.

तेव्हा १९२० च्या किंकाळीत दोन सूर मिसळलेले आहेत. एक, डोळ्यांसमोर घडणाऱ्या हिंसेच्या प्रत्ययाचा. अभिनवगुप्ताने रसविघ्नांत ज्याची गणना केली त्या निजसुखादिविवशीभावाशी, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासले जाण्याशी, त्याचे नाते आहे. दुसरा, ज्याचा वध व्हावा असे मनातून वाटत होते त्याचा वध खरोखरच दिसल्याचा. रंगभूमीवर हुंकार उमटला होता, पडद्यासमोर किंकाळी उमटली. नाटकातील वध संकेताने घडत असल्यामुळे समाधान निर्भेळ राहते. चित्रपटाने संकेताचे आवरण दूर केले आणि इच्छिलेल्या हिंसेचे रूप इच्छिणाऱ्याच्याच पुढ्यात ठेवले.

३

‘सैरंध्री’नंतर पाच वर्षांनी पेंटरांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या फसवणुकीने जमीन गमावलेला शेतकरी अखेरीस गाव सोडतो आणि शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती. येथे वध नाही, दैवी हस्तक्षेप नाही, सावकाराला शासन झाल्याचे समाधान नाही. जाणकारांनी वाखाणलेल्या ह्या चित्रपटाकडे पौराणिक आणि ऐतिहासिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकाने पाठ फिरविली आणि पेंटर पुन्हा वेशभूषाप्रधान चित्रपटांकडे वळले.

ह्या अपयशाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की प्रेक्षक वास्तववादासाठी ‘तयार’ नव्हता. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. सावकारी ही महाराष्ट्राला नवखी गोष्ट नव्हती. १८७५ चे दख्खनचे दंगे आणि १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी केलेला कायदा यांना त्या वेळी जेमतेम अर्धशतक लोटले होते. विषय अपरिचित होता म्हणून प्रतिसाद आला नाही असे म्हणता येत नाही. उलट तो फार जवळचा होता असे म्हणावे लागते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद ह्या दोन ध्रुवांमधील ताण साहित्यविचाराच्या मुळाशी असल्याचे दाखविले. प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर हा ताण असा दिसतो : लौकिक दुःख पडद्यावर लौकिकच राहिले आणि त्याला उभे राहण्यासाठी कोणताही ओळखीचा साचा मिळाला नाही, तर पाहणाऱ्याला आपले अश्रू कोणत्या नात्याने ढाळावेत हेच कळत नाही. कीचक मरतो तेव्हा काय वाटावे हे परंपरेने शिकविलेले असते. शेतकरी गिरणीच्या दारात उभा राहतो तेव्हा काय वाटावे हे १९२५ च्या प्रेक्षकाला कोणत्याही आख्यानाने शिकविलेले नव्हते.

ही शिकवण हळूहळू होत गेली. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) ह्या चित्रपटाचा नायकही जमीन सोडविण्यासाठी शहर गाठतो. शेवटी आपल्याच शेताच्या कुंपणाबाहेर उभा राहून तो मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी त्याला तीही टाकावयास लावतो. ह्या अंताला मान्यता मिळाली, कारण दरम्यानच्या २८ वर्षांत अशा अंताकडे पाहण्याची रीत तयार झाली होती. ती तयार करणाऱ्यांत न चाललेल्या ‘सावकारी पाशा’चाही वाटा आहे. प्रतिसाद न मिळणे हीदेखील प्रतिसादाच्या इतिहासातील घटना असते.

ह्याचा एक पुरावा चित्रपटसृष्टीतूनच मिळतो. पेंटरांनी १९३६ साली हीच कथा बोलपटाच्या रूपात पुन्हा सादर केली. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांना त्यातील एक दूरदृश्य पुढेही विसरता आले नाही. मंद प्रकाशातील एक उदास झोपडी, आणि तिच्या भोवतीची शांतता अधिक गडद करणारे कुत्र्याचे रडणे. मूकपट आपल्याला अंधूकच आठवतो, बोलपट पाहिल्यावर मात्र पेंटरांची थोरवी कळली, अशा आशयाची त्यांची साक्ष आहे. स्मरणात राहिलेल्या त्या दृश्यात माणूस नाही. उरली आहे ती झोपडी आणि एक मुका प्राणी. दुःखाला आवाज देण्याचे काम पात्राकडून काढून घेऊन ते मागे उरलेल्याकडे सोपविण्याची ही युक्ती पुढे ‘प्रभात’मध्ये फळाला आली.

४

‘संत तुकाराम’चा अंत प्रेक्षकाला आधीच ठाऊक होता. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकारामबीज दरवर्षी पाळणाऱ्या समाजाला तुकोबांचे वैकुंठगमन पडद्यावरून कळण्याची गरज नव्हती. सदेह वैकुंठगमनाच्या ऐतिहासिकतेविषयी मराठी विचारविश्वात वाद आहेत. चित्रपट त्या वादात उतरत नाही. अभिनवगुप्ताने सांगितलेले पहिले रसविघ्न म्हणजे संभावनाविरह, घटना शक्य न वाटणे. आणि त्यावरचा उपाय म्हणजे प्रख्यात पुरुषाचे चरित्र घेणे. ज्याच्याविषयी लोकांची श्रद्धा आधीच दृढ आहे त्याच्या बाबतीत अलौकिकही संभाव्य वाटते. दामले-फत्तेलाल आणि पटकथालेखक शिवराम वाशीकर यांनी हा उपाय पुरेपूर वापरला.

त्यांचे यश केवळ ओळखीच्या कथेचे मात्र नव्हे. शांताराम आठवले यांनी ह्या चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले. पुनःप्रत्ययाचा आनंद जुन्या ओळखीतून मिळतो, असे मानले जाते. येथे नवी वस्तू जुनी म्हणून ओळखली गेली. ओळख प्रेक्षक घेऊन येतो तशी कृतीही ती निर्माण करू शकते. मग हात जोडणारा प्रेक्षक पूर्वश्रद्धेच्या भरात कलाकृतीकडे दुर्लक्ष करतो, हा आक्षेप लंगडा पडतो. त्याची श्रद्धा जागी करणारे पद, विष्णुपंत पागनीसांची मुद्रा, समोरून घेतलेल्या स्थिर चौकटी ही सारी रचनाच होती. ह्या चित्रपटातील संमुख चौकटीचा आणि दर्शनाच्या नात्याचा विचार गीता कपूर यांनी सत्यजित राय यांच्या ‘देवी’शी (१९६०) तुलना करीत केलेला आहे.

तथापि दर्शनाचा विचार तुकारामाच्या मुखावर थांबला तर अंताचा अर्धाच भाग हाती लागतो. दुसरा भाग जिजाईचा आहे. संतचरित्रांच्या परंपरेत तुकोबांची पत्नी प्रामुख्याने कर्कशा म्हणून आलेली होती. गौरीने उभी केलेली जिजाई तशी नाही. मुलाच्या आजारपणात ती पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारावयास देवळात जाते. ह्या प्रसंगाला प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता तिच्या बाजूचा होतो. घरात धान्य नाही, पोरे उपाशी आहेत, आणि नवरा देवाच्या नादी लागला आहे, हे तिचे गाऱ्हाणे चित्रपट एकदाही खोटे ठरवीत नाही. तुकाराम वैकुंठाला चल म्हणतो तेव्हाही तिला संसार सुटत नाही. गरुडाचे विमान वर चढते. खाली, जमिनीवर, ती राहते.

येथे प्रेक्षकाची दृष्टी दुभंगते. हात जोडले जातात ते वर पाहताना. डोळे भरतात ते खाली पाहताना. ह्या दोन क्रिया एकच भक्तिभाव म्हणून गणल्या गेल्यामुळे ‘संत तुकाराम’च्या लोकप्रियतेचे विवेचन श्रद्धेपाशीच संपत आले. १९७५ च्या ‘जय संतोषी मां’च्या वेळी प्रेक्षकांनी चित्रगृहात पादत्राणे काढल्याच्या आणि पडद्यावर फुले-नाणी उधळल्याच्या घटनांशी त्याची सरसकट सांगड घातली जाते, तीही ह्याच चुकीपोटी. ‘संत तुकाराम’च्या अंतात पूजेबरोबरच एक हिशेब मांडलेला आहे. मोक्षाची किंमत कोणी मोजली, हा तो हिशेब. केळकरांच्या भाषेत सांगावयाचे तर प्रेक्षक येथे एकाच वेळी दोन भूमिकांत शिरतो. तुकारामाबरोबर तो वर जातो आणि जिजाईबरोबर मागे राहतो. चित्रगृहातून उठून त्याला ज्या घरी जावयाचे असते ते जिजाईचे असते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ह्या चित्रपटाचा गौरव झाला. तुकारामबीज ठाऊक नसलेल्या परीक्षकांपर्यंत तो पोहोचू शकला ह्यात ह्या दुसऱ्या, लौकिक बाजूचा वाटा असणार, असे मानण्यास जागा आहे.

५

‘पिंजरा’ (१९७२) ह्या परंपरेला उलटे करून पाहतो. हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरून निघालेल्या ‘द ब्ल्यू एंजल’ (१९३०) ह्या जर्मन चित्रपटाशी त्याच्या कथेचे नाते सर्वज्ञात आहे. परंतु त्याचा अंत मराठी मातीतला आहे. शंकर पाटलांचे संवाद आणि जगदीश खेबूडकरांची गीते ह्यांतून कोल्हापूर भागाची बोली आणि तमाशाचा बाज त्यात उतरला. तमासगिरीण चंद्रकलेच्या मोहात पडलेला आदर्श शिक्षक आपण मेलो असे गावाला वाटू देतो. गाव त्याचा पुतळा उभारते. पुढे तमाशाच्या फडात हलकी कामे करीत फिरणाऱ्या त्या माणसावर खटला भरला जातो तो गुरुजींच्याच खुनाचा. आदर्शाला तडा जाऊ नये म्हणून तो गप्प राहतो आणि शिक्षा स्वीकारतो. सत्य सांगू पाहणारी चंद्रकला ते सांगू शकत नाही.

ह्या अंताकडे नीतिपाठ म्हणून पाहिले गेले, आणि तसे पाहण्यास चित्रपटात आधारही आहे. परंतु त्यात प्रेक्षकाची जागा कोठे आहे हे पाहिले की चित्र बदलते. पुतळ्यासमोर हात जोडणारे गाव म्हणजे ‘संत तुकारामा’समोर हात जोडणाऱ्या प्रेक्षकाचेच पडद्यावर आलेले रूप. खरा प्रेक्षक त्या गावात नाही. पुतळा कोणाचा आणि फासावर कोण, हे चित्रगृहात त्याला एकट्याला ठाऊक असते. आदर, कीव आणि राग ह्यांपैकी कोणतीही एक भावना त्याला निर्वेधपणे घेता येत नाही. आदर दाखवावा तर खोट्या पुतळ्याला दाखविल्यासारखे होते, सत्य उघड व्हावे म्हणावे तर नायकाच्या बलिदानाचा अर्थ नाहीसा होतो. ‘पिंजरा’ संपल्यावर प्रेक्षकाला जे अवघडलेपण येते ते ह्या साक्षीदारपणाचे आहे. ‘सावकारी पाशा’त शेतकरी झालेल्या आणि ‘प्रभात’च्या दर्शनप्रधान चित्रपटांच्या काळात वाढलेल्या शांतारामांनी, अर्धशतकाच्या अनुभवानंतर, जोडलेल्या हातांकडेच कॅमेरा वळविला.

६

किंकाळी, मौन, जोडलेले हात व भरलेले डोळे, आणि शेवटी अवघडलेले साक्षित्व, असा हा क्रम आहे. तो भोळ्या प्रेक्षकाकडून सुजाण प्रेक्षकाकडे झालेल्या प्रगतीचा आलेख म्हणून वाचता येणार नाही. १९२० चा प्रेक्षक कीचकात परकीय सत्ता वाचण्याइतका जाणता होता, आणि १९७२ चा प्रेक्षकही पुतळ्याच्या मोहातून पूर्ण सुटलेला नव्हता. बदलत गेली ती चित्रपटाने प्रेक्षकासाठी राखून ठेवलेली जागा.

ह्या जागेविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तीन अंतांत मागे उरणारी, पाहणारी किंवा बोलू न शकणारी व्यक्ती स्त्री आहे. वध मागणारी सैरंध्री, वैकुंठाखाली उभी राहिलेली जिजाई, न्यायालयात वाचा हरपलेली चंद्रकला. पुरुषाच्या वाट्याला कृती, मोक्ष किंवा बलिदान येते. त्याचा अर्थ स्त्रीच्या मुद्रेवरून प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. प्रतिसादाच्या हकिकती मात्र बहुतांशी शहरी, शिक्षित पुरुषांनी लिहून ठेवल्या. चिरोल यांच्या ग्रंथातील वर्णनात स्त्रियांचे डोळे दिसतात, त्यांचे मत ऐकू येत नाही. जिजाईच्या घरातून आलेल्या प्रेक्षक स्त्रीने तिच्या अंताकडे कसे पाहिले, हा प्रश्न ‘भोळा प्रेक्षक’ ह्या एका शब्दाने समीक्षेने आजवर मिटवून टाकला.

त्याची किंमत लहान नाही. ‘सैरंध्री’ आणि मूक ‘सावकारी पाश’ ह्यांच्या प्रती हाती नाहीत. त्यांच्यापैकी उरले आहे ते एका किंकाळीची नोंद, एका मौनाची नोंद आणि काही आठवणी. प्रतिसाद हा कलाकृतीबाहेरचा व्यवहार आहे असे मानले तर मराठी चित्रपटाचे हे पहिले पर्व समीक्षेच्या कक्षेतून सर्वस्वी निसटते. तो कलाकृतीचा घटक मानला तर ह्या नोंदी संहितेच्या तुकड्यांसारख्या, जपून आणि परस्परांशी ताडून वाचाव्या लागतील. त्या वाचताना कोण किंचाळले ह्याबरोबर कोणाच्या किंकाळीची नोंद झाली, आणि ती कोणी व कशासाठी केली, हेही विचारावे लागेल.